'ॲडल्ट'ला 'प्रौढ' म्हणावं का?

पीएचडीचे मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातल्या संवादावर एक पुस्तिका मराठीत करते आहे. मानसोपचारतज्ज्ञ एरिक बर्न यांनी १९५०च्या दशकात मांडलेलं ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस, म्हणजे माणसं एकमेकांशी मनाच्या कुठल्या अवस्थेतून बोलतात हे पाहण्याची पद्धत, हा तिचा गाभा. त्यात पेरेंट, ॲडल्ट, चाइल्ड अशा तीन अवस्था. 'पेरेंट'ला पालक, 'चाइल्ड'ला बालक जमलं, अडले 'ॲडल्ट'पाशी. विद्यार्थी विचारतो, "सर, संदर्भसूची कुठल्या पद्धतीनं करू?" प्रश्न निव्वळ माहितीचा. उत्तर येतं, "एवढंही अजून कळत नाही?" सरांमधला पालक बोलला, समोर बालक आहे असं धरून. संवाद तिथेच तुटला. यावर मी लिहिलं, 'विद्यार्थी प्रौढ अवस्थेत आहे.' मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं, "वय काय त्याचं?"

प्रतिसाद: प्रौढच ठेवा. रुळलेला शब्द आहे.

प्रतिसाद: रुळलाय तो 'प्रौढ शिक्षणा'तला, वयाचा. बर्न यांचा ॲडल्ट म्हणजे समोरची वस्तुस्थिती तपासून बोलणारी अवस्था. ती शाळकरी मुलातही असते आणि पन्नाशीच्या प्राध्यापकात कधीकधी नसते. 'समंजस' घ्या.

प्रतिसाद: समंजस अजिबात नको. लहानपणी मला 'तू समंजस आहेस ना' म्हटलं की भावंडासाठी माघार घ्यायची, हे ठरलेलं. बर्न यांच्या मांडणीत ते जुळवून घेणारं बालक झालं, म्हणजे नेमकं उलटं.

प्रतिसाद: प्रौढ म्हणजे प्र + ऊढ, धातू वह्. 'नवोढा'तला ऊढ तोच. मूळ अर्थ पूर्ण वाढलेला. आपला शब्द इतका नेमका असताना 'ॲडल्ट' कशाला घ्यायचा?

प्रतिसाद: 'प्रौढी मिरवणे'ही त्यातूनच आलं, मग तोही अर्थ घेणार का? प्रशिक्षणवर्गात सगळे पेरेंट-ॲडल्ट-चाइल्डच म्हणतात आणि कुणाचं अडत नाही.

मूळ प्रश्नकर्ती: वर्गात चालेल, पुस्तिकेत नाही. 'स्ट्रोक', म्हणजे समोरच्याचं अस्तित्व मान्य करणारा कुठलाही शब्द किंवा कृती, त्याचंही तेच. 'थाप' लिहिलं तर लोकांना खोटं बोलणं आठवेल.

प्रतिसाद: स्ट्रोकला 'दखल'. बर्न यांच्या मते वाईट शेरासुद्धा स्ट्रोकच, शून्यापेक्षा बरा. प्रकरण देऊन महिने उलटतात, 'मिळालं' एवढंही उत्तर येत नाही, तेव्हा विद्यार्थी दखलेलाच भुकेला असतो.

प्रतिसाद: दखल अरबी आहे. 'पोच' बघा, अस्सल मराठी.

प्रतिसाद: पोच पाकिटाची, दखल माणसाची. अरबी असली म्हणून परकी नाही.

प्रतिसाद: पण दखल वरचा खालच्याची घेतो. विद्यार्थ्यानं सरांची दखल घेतली, असं म्हणाल?

प्रतिसाद: म्हणेन. मार्गदर्शकालाही ती हवी असते, फक्त तो मागत नाही.