'पावणेदोन लाख' म्हणजे १,७५,०००च का?

प्रतिलेखक: जमीनव्यवहारांवरच्या ध्वनिमुद्रित मुलाखती उतरवून काढायचं काम हातात आहे. सगळ्या रकमा अंकांत लिहायच्या, असा संपादकांचा नियम. एक शेतकरी म्हणतात, "पावणेदोन लाखाला गेली ती पट्टी." नियमाप्रमाणे '१,७५,०००' लिहिलं. त्याच व्यवहाराच्या कागदावर निघाले १,७२,०००. तपासणाऱ्याचा शेरा आला: 'विधानात विसंगती.' माझ्या मते ही विसंगती बोलणाऱ्याची नाही, अंकांनी आणलेली आहे. तुम्ही काय लिहाल?

दफ्तर: नियम बरोबर आहे. पावणे म्हणजे पादोन, पाद उणा. दोनाला पाव कमी म्हणजे एक पूर्णांक तीन चतुर्थांश, यात संदिग्ध काहीच नाही. अंदाज सांगायचा असेल तर मराठीत 'सुमारे' आहे, 'जवळपास' आहे, 'पावणेदोनेक' आहे. यातलं काहीच वापरलं नसेल तर आकडा नेमका धरावा.

सवायकी: दफ्तर, शब्दाचा हिशोब नेमका असला म्हणून बोलणारा नेमका असतो असं नाही. लग्नाला १७२ माणसं आली, तर "पावणेदोनशे पान उठलं" हे कुणीही म्हणेल आणि कुणी त्याला खोटं पाडणार नाही. पण १७२ रुपयांचं बिल झालं असताना दुकानदार "पावणेदोनशे द्या" म्हणाला, तर तीन रुपयांवरून वाद होईल. शब्द तोच. देणंघेणं अजून व्हायचं असेल तर तो नेमका, होऊन गेलेल्याचं सांगणं असेल तर सैल. शेतकरी होऊन गेलेलं सांगतोय.

गणिततास: सैलपणालाही माप आहे. पाव, अर्धा, पाऊण एवढेच थांबे असतील, तर दीड आणि पावणेदोन यांच्या मध्यावर १,६२,५०० येतात, पावणेदोन आणि दोन यांच्या मध्यावर १,८७,५००. या पट्ट्यातलं काहीही जवळच्या थांब्याला नेलं की पावणेदोन. प्रत्यक्षात पट्टा याहून अरुंद असतो, कारण १,६५,०००ला "एक पासष्ट" असा सोपा पर्याय आहे. १,७२,००० मात्र ठामपणे पावणेदोनच्या पट्ट्यात बसतात. तपासणाऱ्याने शेरा मारायला नको होता.

दफ्तर: म्हणजे १,६०,००० झाले असते तरी तुम्ही सोडलं असतं?

गणिततास: नाही. १,६०,०००ला कुणी पावणेदोन म्हणत नाही. तिथे खरी विसंगती धरावी.

सवायकी: "एक पासष्ट"वरून आठवलं. जमिनीच्या व्यवहारातली मंडळी "एक पंच्याहत्तर" आणि "पावणेदोन" दोन्ही वापरतात, पण एकाच कामाला नाही. भाव सुरू असताना "पावणेदोनपर्यंत जाईल" आणि तोडलं की "एक बहात्तरला दिली". हजारांत मोजलेला आकडा म्हणजे ठरलेली रक्कम. प्रतिलेखक, त्याच मुलाखतीत असा आकडा दुसरीकडे आलाय का बघा. आला असेल तर तुमचा प्रश्न तिथेच सुटला.

आणि लिहिण्याचं म्हणाल, तर मजकुरात शब्दच ठेवा, 'पावणेदोन लाख'. अंक लागतातच तर ते वेगळ्या रकान्यात घ्या आणि शेजारी 'उक्त' किंवा 'कागदोपत्री' अशी खूण करा. म्हणजे तपासणारा उक्त रक्कम कागदाशी पै-पैने जुळवत बसणार नाही. दुसरं, शब्द जोडून लिहा. 'पावणे दोनशे' असं तोडलं की नवखा वाचणारा दोनशेतून पाव वजा करतो आणि १९९.७५वर जातो. साडेपाचशेचंही तसंच. ते ५५०, पाचशेवर अर्धा नव्हे. आधी गुणक तयार होतो, मग शे-हजार-लाख लागतात. सव्वाशे १२५, सव्वा हजार १२५०, सव्वा लाख १,२५,०००, सगळीकडे एकच रीत.

व्युत्पत्तीवेडा: दीड हा हिंदी 'डेढ'वरून आलेला पाहुणा आहे, हेही इथे नोंदवून ठेवू.

दफ्तर: अजिबात नाही. दोघांचं मूळ एकच, संस्कृत द्व्यर्ध, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धा आहे असं. अडीच आलं अर्धतृतीयवरून, तिसरा अर्धा. औट अर्धचतुर्थवरून, चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन. जर्मन लोक अडीच वाजले की "अर्धा तीन" म्हणतात, तोच विचार. साडे मात्र सार्ध, अर्ध्यासकट. म्हणजे दीड-अडीच-औट ही जुनी रांग पुढच्या आकड्याकडे बघते आणि साडेचार-साडेपाच मागच्या आकड्याकडे. औट पाढ्यात राहिला, औटकीत, आणि 'औट हात' मध्ये. बोलण्यातून गेला आणि साडेतीनने जागा घेतली. म्हणूनच सांगतो, 'साडेदोन' हा शब्द मराठीत नाही. हल्ली मुलं सर्रास "साडेदोन वाजले", "साडेएक वाजला" म्हणतात. त्यांना थांबवलंच पाहिजे.

गणिततास: का थांबवायचं? औट गेला तेव्हा कुणाचं अडलं नाही. मूल नियम ओळखून पुढे लावतंय, ही बुद्धीची खूण आहे. साडेतीन, साडेचार ऐकून साडेदोन करणं यात चूक तर्काची नाही.

दफ्तर: तर्क बरोबर असला तरी शब्द चूक असू शकतो. रेल्वेच्या चौकशीला कुणी "साडेएकची गाडी" विचारली तर समोरचा "साडेदहा?" म्हणून परत विचारणार.

गणिततास: हाच वाद २०१९ला झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसबरोबर 'वीस एक' असं वाचनही दिलं, तेव्हा प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. मंगला नारळीकर त्या विषयसमितीच्या अध्यक्ष होत्या. समितीचं म्हणणं साधं होतं. त्रेसष्टमध्ये आधी तीन ऐकू येतात, मग साठ. म्हणून मूल ३६ लिहितं. त्यात तीनची रूपं किती बघा: तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर. शिवाय एकोणतीस म्हटलं की मुलाला तीस ऐकू येतात आणि लिहायचा असतो २. जुनी रूपं पुस्तकात होतीच, पायरी म्हणून नवी जोडली होती.

दफ्तर: पायरीवर मूल थांबलं तर?

गणिततास: बाजारात कुणी "पन्नास तीन रुपये" म्हणत नाही. मूल चारचौघांत ऐकतं, त्रेपन्न आपोआप येतं.

व्युत्पत्तीवेडा: एकोण- एकोणनव्वदपर्यंतच चालतं आणि शंभराच्या आधी नव्याण्णव होतं, हे कुणी सांगेल का? हिंदीत ८९लाही 'नवासी' आहे. आपण तिथे मागून मोजतो आणि नव्याण्णवला पुढून.

सवायकी: तो स्वतंत्र धागा होईल. मूळ मुद्द्यावर एक भर. पाव-अर्धा-पाऊण हे थांबे वस्तू सारखी निम्मी करत गेल्याने येतात. तागडीत शेर निम्मा केला की अच्छेर, अच्छेर निम्मा की पावशेर, पावशेर निम्मा की नवटाक. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पाऊण रुपया म्हणजे बारा आणे, पूर्ण आकडा. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, पण बोलण्यातले थांबे तेच राहिले. म्हणून "एक पूर्णांक सात दशांश लाख" असं कुणी बोलत नाही.

दफ्तर: मग साडेतीन शहाणे कुठे बसवता? सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर हे तीन आणि अर्धे नाना. तिथला अर्धा मोजून काढलेला आहे. साडेतीन मुहूर्तांतलं बलिप्रतिपदेचं अर्धंही तसंच. अंदाज नाही.

सवायकी: मान्य, नगावर मोजता येतं तिथे तो नेमका. पण साडेसाती घ्या. एका राशीला अडीच वर्षं, तीन राशी, म्हणून साडेसात. शनीच्या फेरीला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. बाराने भागा, अडीचला थोडं कमी पडतं. तरी शब्द अडीचच, कारण जवळचा थांबा तोच.

प्रतिलेखक: दोन रकान्यांची सूचना संपादकांना कळवली. ते म्हणतात, मजकुरात शब्द चालेल, पण मग व्याकरणही एकसारखं हवं. मुलाखतींत "दीड वर्ष झालं" येतं आणि "पावणेदोन वर्षं झाली" येतं. एकवचन की अनेकवचन?

दफ्तर: जसं आहे तसं ठेवा, दोन्ही बरोबर. दीड रुपया, दीड महिना, दीड वाजला. पण पावणेदोन रुपये, पावणेदोन महिने, पावणेदोन वाजले. दीडपर्यंत एकवचन, पुढे 'दोन' ऐकू आला की अनेकवचन.

गणिततास: पण दीडशे रुपये.

दफ्तर: तिथे शे आला.

व्युत्पत्तीवेडा: आणि पाऊणशे? "पाऊणशे वयमान" म्हणतात, वयोमान नव्हे. हे मान कुठलं?