मदत हवी आहे: गोल न करणाऱ्या हाफचं मोल मंडळाला कसं पटवून द्यायचं?

पेठकर

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमच्या मंडळाचा फुटबॉलचा सिनिअर संघ आहे. नाव सांगत नाही, निम्मी पेठ इथं वाचायला असते. गेल्या हंगामात बाहेरचे दोन खेळाडू होते. यंदा वर्गणी आणि एका दुकानदाराची मदत धरून जेवढे पैसे जमलेत, त्यात एकाचंच मानधन बसतंय. कुणाला ठेवायचं यावर मंडळात घोळ चालू आहे.

नऊ नंबर फॉरवर्ड आहे. अंगानं दांडगा, हेडर जोरात. संघात सगळ्यात जास्त गोल त्याचे. गॅलरीचा लाडका.

सहा नंबर बॅकच्या (बचाव करणाऱ्यांच्या) पुढं उभा राहणारा सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीतला. हंगामभर एकही गोल नाही. पळताना दिसत नाही, स्लायडिंग टॅकल (घसरत जाऊन चेंडू काढणं) क्वचित. बैठकीत एकजण म्हणाला, "ह्यो करतो काय नेमकं?" आणि मला धड उत्तर देता आलं नाही.

मला मात्र तो लागतो असं वाटतं. एक प्रसंग सांगतो. शाहू स्टेडियमवर मॅच, आम्ही एका गोलनं पुढं, शेवटची दहा मिनिटं. आमच्या स्टॉपरनं (मधल्या बॅकनं) त्याच्याकडं पास दिला. चेंडू पोचायच्या आत त्यानं दोनदा मान मागं फिरवून पाहिलं. समोरचा हाफ पाठीवर धावून येत होता. ह्यानं चेंडूला पायच लावला नाही, अंगावरून पलीकडं जाऊ दिला आणि वळून राईट बॅकला दिला. धावून आलेला गडी मोकळा पुढं निघून गेला. टाळी पडली नाही, कारण घडलं काय तेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढच्याच मिनिटाला आमच्या लेफ्ट बॅकनं चुकीच्या जागेवरून धावत येऊन स्लाइड मारली, तर अख्खी गॅलरी उभी!

माझे प्रश्न:
आमच्याकडं ना धावणं मोजणारं जीपीएस जॅकेट, ना कुठली आकडेवारी. मोबाईलवर घेतलेल्या काही मॅचचं शूटिंग आहे, तेवढंच. त्यावरून अशा खेळाडूचं माप कसं काढायचं? आणि निघालं तर चहा पीत बसलेल्या पंधरा कार्यकर्त्यांना ते दाखवायचं कसं? सहा नंबर खेळला नाही तेव्हा आम्ही जास्त गोल खाल्ले, हा मुद्दा चालेल का?

---

आकडेशास्त्री

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तो नव्हता त्या मॅच कुणाविरुद्ध होत्या?

---

पेठकर

पायाला लागल्यामुळं सलग बसला होता. त्यात दोन मॅच लीगमधल्या सगळ्यात तगड्या संघांशी.

---

आकडेशास्त्री

मग तो मुद्दा बैठकीत काढू नका. कुणीतरी हेच विचारेल आणि तुमची बाजू तिथंच पडेल. तीन-चार मॅचमधल्या खाल्लेल्या गोलांवरून एका माणसाचं मोल निघत नाही. फुटबॉलमध्ये गोल मुळात दुर्मीळ. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येसुद्धा दोन्ही संघांचे मिळून मॅचला तीनच्या आतबाहेर गोल होतात. एवढ्या थोड्या घटनांत नशिबाचा वाटा फार मोठा.

हेच नऊ नंबरलाही लावा. गोल किती केले यापेक्षा कसे केले ते बघा. मोठ्या लीगमध्ये हल्ली प्रत्येक शॉटला वजन देतात. तशा जागेवरून, तशा कोनातून पूर्वी मारलेल्या हजारो शॉटपैकी किती आत गेले त्यावरून. याला 'एक्सपेक्टेड गोल्स' म्हणतात. पेनल्टी चारांत साधारण तीन वेळा आत जाते. एकूण सगळे शॉट धरले तर दहातला एक. म्हणजे पेनल्टीवर तीन गोल करणारा आणि चालत्या खेळात डीमध्ये (गोलसमोरच्या चौकटीत) मोक्याची जागा हेरून तीन गोल करणारा एका मापाचे नव्हेत.

तुमच्या नऊ नंबरचे गोल मांडून बघा: पेनल्टी किती, तळाच्या संघांविरुद्ध किती, दुसऱ्यानं आयता वाढून दिलेले किती. आणि एक उलटी गोष्ट. ज्याला खूप संधी मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच वाया जातात, त्याला लगेच नाकारू नका. वारंवार योग्य जागी पोचणं हेच फॉरवर्डचं खरं कसब. संधीचं सोनं करण्याचं प्रमाण मात्र एका हंगामातून दुसऱ्या हंगामात बरंच हलतं.

---

जुनी_गॅलरी

भावा, आकडं ऱ्हाऊ देत. आम्ही चाळीस वर्षं मॅच बघतोय, कागद घिऊन कुणी खेळाडू निवडला न्हाई. सांगतो ते ध्यानात ठेव. खेळाडू बघायचा तर संघ हरत असताना बघ. जिंकताना सगळेच भारी दिसत्यात. मैदान पावसानं जड झालंय, एक गोल खाल्लाय, पब्लिक शिव्या घालतंय, तवा चेंडू मागायला कोण पुढं येतंय? आणि स्वतःकडनं चेंडू गेला तर पुढची पाच सेकंदं काय करतोय? रेफ्रीकडं हात करतोय का परत धावतोय? झालं माप.

दुसरं म्हंजे, नऊ नंबर गेला तर गॅलरी निम्मी रिकामी हुईल. तुमचा तो दुकानदार पैसं कशाला देतोय? पोरं नऊ नंबरचा नाद करत्यात म्हणून. हे पण मोल हाय, ते तुझ्या मापात कुठं बसवणार?

---

पेठकर

काका, दुकानदाराचं बरोबर आहे. ते मी धरलंच नव्हतं.

@आकडेशास्त्री, गोल मांडून बघितले. साधारण तिसरा हिस्सा पेनल्टीवर, आणि उरलेल्यातले बरेच आमच्या दोन्ही विंगच्या पोरांनी गोलपोस्टसमोर आणून दिलेले. ती पोरं पेठेतलीच, यंदाही आहेत.

---

ओल्ड_ट्रॅफर्ड_रोड

मी नोकरीनिमित्त मँचेस्टरमध्ये आहे. इथली एक जुनी गोष्ट तुमच्या कामाची. २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसननं याप स्टाम हा बॅक इटलीच्या लाझिओ क्लबला विकला. त्याच्या टॅकलची संख्या घटली होती, म्हणून तो उतरणीला लागला असं वाटलं, असं सांगतात. पुढं स्टाम इटलीत वर्षानुवर्षं उत्तम खेळला आणि फर्ग्युसननं नंतर कबूल केलं की विकणं चुकलं. टॅकल कमी होण्याचा अर्थ दोन तऱ्हेनं लागतो. एक तर पाय संथ झालेत, नाहीतर टॅकल करायची वेळच येऊ नये अशा जागी तो आधीच उभा असतो. नुसती संख्या यातलं कुठलं खरं ते सांगत नाही, शूटिंग बघावंच लागतं.

दुसरं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. एन्गोलो कांते हा हाफ २०१५ मध्ये फ्रान्सच्या काँ क्लबकडून इंग्लंडच्या लेस्टर क्लबला आला. २०१५-१६ च्या लीगमध्ये त्याचा गोल एक, फॉरवर्ड जेमी वार्डीचे २४. लेस्टर चॅम्पियन. मग कांते चेल्सीला गेला, पुढच्याच वर्षी चेल्सी चॅम्पियन आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच. वार्डी आणि विंगवरचा महरेझ असूनही लेस्टर बाराव्या नंबरवर घसरलं.

---

आकडेशास्त्री

कांतेचं उदाहरण बैठकीत रंगेल, पण जपून. त्या वर्षी लेस्टर युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीगही खेळत होतं, जास्तीच्या मॅचचा ताण होता. सगळं खापर एका माणसाच्या जाण्यावर फोडता येत नाही. शिवाय कांते धावून चेंडू हिसकावणारा, तुमचा सहा नंबर उभा राहून वाट अडवणारा. जात वेगळी.

---

मडगांवचो

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे हा वाद इथल्या डेम्पो क्लबच्या काळात चहाच्या टेबलावर रोज व्हायचा. कोच आर्मांदो कुलासोंच्या संघात गोल रांटी मार्टिन्सचे, नजाकत बेटोची, आणि त्यांच्या मागे क्लायमॅक्स लॉरेन्स. रांटीचं नाव पोरांच्या तोंडी, पण मधली जागा क्लायमॅक्सनं धरली म्हणून बेटोला पुढे मोकळं खेळता आलं. तो गोल करणारच नाही असंही नव्हतं म्हणा. २००८ च्या एएफसी चॅलेंज कप या आशियाई स्पर्धेत अफगाणिस्तानविरुद्ध शेवटच्या क्षणी भारताला जिंकून देणारा गोल त्याचाच.

आता कामाचं. मी इथं मुलांचे संघ बघतो, आमच्याकडेही यंत्रं नाहीत. हे करा:

मोबाईल गॅलरीच्या वरच्या पायरीवर ठेवा, निम्मं मैदान तरी दिसेल एवढं लांब घ्या आणि चेंडूच्या मागे फिरवू नका. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायात चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. बाकीचा वेळ तो कुठे उभा राहतो, त्याचेच तुम्ही पैसे देता. जुन्या शूटिंगमध्ये कॅमेरा चेंडूमागेच पळत असेल तर सहा नंबर त्यात सापडणार नाही. सरावाची एखादी मॅच लावा आणि नव्यानं घ्या.

मग एका वेळी एकाच खेळाडूकडे बघायचं. वहीत चार रकाने. चेंडू मिळाला तेव्हा तोंड कुठे होतं, आपल्या गोलकडे की समोर? पुढे काय झालं, समोरच्यांची एक ओळ ओलांडून पास गेला, आडवा गेला, की गमावला? गमावला तर कुठे? त्यांच्या डीजवळ गमावणं आणि आपल्या बॅकसमोर गमावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चौथा रकाना सहा नंबरसाठी सगळ्यात महत्त्वाचा: आपला बॅक विंगवरून वर गेला तेव्हा त्याची रिकामी जागा कुणी झाकली?

तुम्ही सांगितलेलं मान फिरवणंही मोजा. नॉर्वेचे संशोधक गेयर योर्देत यांनी प्रीमियर लीगच्या हाफवर कॅमेरा लावून हेच मोजलं होतं. चेंडू यायच्या आधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पुढचे पास जास्त बरोबर जातात असं त्यात दिसलं. इंग्लंडचे हाफ लॅम्पार्ड आणि जेरार्ड त्या यादीत वर होते.

दोघांनी वेगवेगळं बसून मोजा. आकडे फार वेगळे आले तर तुमची व्याख्याच ढिली आहे, आधी ती घट्ट करा.

---

पेठकर

लई उपकार! सरावाची मॅच लावली. मी आणि आमचा जुना गोली, दोघांनी वेगवेगळं मोजलं. 'ओळ ओलांडणारा पास' यावर आमचं अजिबात जमेना. तो चेंडू हवेतून गेलेलाही धरत होता, मी फक्त जमिनीवरचे. शेवटी ठरवलं, पुढच्या माणसाच्या ताब्यात राहिला तरच धरायचा.

निघालं ते असं. सहा नंबरनं आमच्या अर्ध्यात चेंडू जवळजवळ गमावलाच नाही. लेफ्ट बॅक वर गेला की बहुतेक वेळा तो आधीच डावीकडं सरकलेला असतो, म्हणून ती बाजू रिकामी दिसत नाही. पण पुढं जाणारे पास अपेक्षेपेक्षा कमी, आडवेच जास्त. हे मला आवडलं नाही, पण कागदावर लिहिलंय.

नऊ नंबरबद्दलही एक कळलं. कॉर्नर घेताना समोरचे दोन-दोन बॅक त्याला चिकटतात आणि आमचा स्टॉपर मोकळा सुटतो. स्टॉपरचे हेडर कुणी नऊ नंबरच्या खात्यात धरलेच नव्हते.

---

जुनी_गॅलरी

हे बघ, आता कसं! दोघांचं खरं दिसाय लागलं. मॅच बघाय मला बी बलवायचं की.

---

मडगांवचो

आडवे पास जास्त म्हणून घाबरू नका, आधी बघा की पुढे कुणी मोकळं होतं का. पुढचे सगळे चेंडूची वाट बघत उभे असतील तर तो देणार कुणाला?

आणि मंडळापुढे 'दोघांत चांगला कोण' हा प्रश्न ठेवूच नका. 'आपल्या संघात भोक कुठे आहे' असा ठेवा. विंगची पोरं पेठेतलीच आणि संधी तीच तयार करतात म्हणता. मग डीमध्ये चेंडू ढकलणारा दुसरा कुणी घरचा आहे का? बॅकसमोर उभा राहणारा दुसरा आहे का? ज्या जागेला घरचा पर्याय नाही, तिथे पैसा घाला.

---

पेठकर

फॉरवर्डला एकोणीस वर्षांचा एक पोरगा आहे, कच्चा आहे पण धावतो. सहा नंबरच्या जागेला कुणीच नाही. गेल्या वर्षी तो बसला तेव्हा तिथं स्टॉपरला पुढं आणलं होतं आणि मागं खिंडार पडलं.

दुकानदाराशीही बोललो. तो म्हणाला, पोरगा पेठेतला असेल तर त्याचाच फोटो बॅनरवर लावू, मला उलट बरं.

रविवारी बैठक आहे. दोन क्लिप दाखवणार: अंगावरून सोडलेल्या चेंडूची आणि लेफ्ट बॅकच्या रिकाम्या जागेची. दुसरी आधी आवाज बंद करून, कुणी काही न सांगता. मानधन ठरवताना काय काळजी घ्यावी?

---

ओल्ड_ट्रॅफर्ड_रोड

चांगल्या क्लिप दोनच ठेवा, तिसरी कुणी बघत नाही. शक्य असेल तर त्याची एक वाईट क्लिपही दाखवा, आडव्या पासची. नाहीतर निवडून आणलेलं दाखवतोय म्हणतील.

---

आकडेशास्त्री

मानधन मॅचगणिक ठेवा, दुखापतीचं काय ते आधीच लिहून घ्या. वयाचा दाखला बघा आणि गेल्या वर्षीची पायाची दुखापत स्नायूची होती की गुडघ्याची, ते डॉक्टरला दाखवून खात्री करा. गुडघ्याची असेल तर रक्कम ठरवण्याआधी पुन्हा विचार.

आणि गोलमागं बक्षीस कुणालाच ठेवू नका, त्या एकोणीस वर्षांच्या पोरालाही नाही. शेजारी मोकळा गडी उभा असताना पास द्यायचं सोडून स्वतःच मारत बसेल.