बॅटरी बदलताना गोंद कुठला? माझ्या मते कमीत कमी चिकटणारा

उघडझाप:
गेल्या आठवड्यात लॅपटॉपची फुगलेली बॅटरी काढली. चार्ज आधी २५ टक्क्यांखाली आणून ठेवला होता. झाकणाचे स्क्रू पाच मिनिटांत निघाले आणि पुढचे दोन तास गेले गोंद सोडवण्यात. सहा सेल, सहाही पूर्ण तळाने चिकटवलेले. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडायचे, दोन-तीन मिनिटं थांबायचं, जुनं प्लॅस्टिकचं कार्ड केसभर पुढे सरकवायचं, पुन्हा थेंब. एके ठिकाणी कार्डाबरोबर सेलच वाकायला लागला तेव्हा घामच फुटला. नव्या बॅटरीच्या खोक्यात चिकटवायला काही आलेलं नाही. माझं मत : ओढून काढता येणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, शेपूट बाहेर ठेवून. त्या नसतील तर पातळ डबल टेप, तीही दोन बोटं रुंद, सगळ्या तळाला नाही. पुढच्या वेळी ही बॅटरी मलाच काढायची आहे. बोला.

जाड_भिंग:
साफ असहमत. लॅपटॉप टेबलावर पूजा करायला ठेवत नाही कुणी, रोज पाठीवरच्या बॅगेत हिंदकळतो. सेलचं पाकीट म्हणजे ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि त्यावर प्लॅस्टिकचा थर, बस्स. ते सैल राहून एखाद्या कडेला घासत राहिलं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय प्रत्येक हिसका कनेक्टरच्या तारांवर. कंपनीने सहाही सेल चिकटवले ते हौस म्हणून? मी जाड फोम टेप लावलीय. तीन वर्षं झाली, ढिम्म हललेली नाही.

उघडझाप:
हलली नाही हे मान्य. काढून बघितलीय का?

शिल्लक_स्क्रू:
फोम टेपवर माझा अनुभव ऐका. १ मिमीची लावली. झाकण बसलं, जरा दाबून. दुसऱ्या दिवशी टचपॅडचं क्लिक गायब. बोट दाबावं तर दगडावर दाबल्यासारखं. टचपॅडच गेला समजून नवा मागवला, तो बसवला, तरी तेच! मग डोक्यात प्रकाश पडला. माझ्या मॉडेलमध्ये टचपॅड बॅटरीच्या डोक्यावर बसतो, आणि मी बॅटरी वर उचलून ठेवली होती. मूळ टेप कागदाच्या दोन पानांएवढी असेल. सेल वयानुसार थोडा जाड होतोच, त्यासाठी सोडलेली फटही मी भरून टाकली होती. जुन्या गोंदाचे गोळे न खरवडता वर नवी बॅटरी ठेवणाऱ्यांनाही हेच लागू.

जाड_भिंग:
बरं, जाडीचा मुद्दा घेतला, माझ्या मॉडेलमध्ये जागा आहे. पण ओढपट्ट्यांचं कौतुक पुरे. नव्या असताना रबरासारख्या ताणल्या जातात. चार वर्षांनी उष्णता खाऊन कडक झाल्या की शेपूट हातात आणि पट्टी बॅटरीखाली. दोनदा झालंय माझं.

उघडझाप:
वर खेचलीत का? ती पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून, सावकाश ओढायची असते. वर उचलून हिसका दिला की तुटणारच. आणि समजा तुटली, तरी सोडवायला दोन बोटंच पट्टी राहते, अख्खा तळ नाही.

थेंबथेंब:
टेपचा एवढा घोळ कशाला? बी-७००० या गोंदाची नळी आणा. मोबाइलच्या स्क्रीनला चालतो तो बॅटरीला का नाही?

जाड_भिंग:
कारण तो सुकतो हवेने. त्यातलं द्रावक उडून गेलं की गोंद धरतो. स्क्रीनला कडेची बारीक रेघ असते, तिथून उडून जातं. बॅटरीच्या रुंद तळाखाली कोंडलं तर कडा सुकतात आणि मधे चिकट चिखल राहतो. इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने. टेपच.

नवखा_हात:
सुपरग्लूचे दोन थेंब कोपऱ्यांना टाकले तर?

शिल्लक_स्क्रू:
नको रे बाबा. काढताना गोंद सुटणार नाही, पाकीट फाटेल. हॉट ग्लूही नको, वितळलेला गरम गोळा लिथियम सेलवर कोण ओततं?

विनागोंद:
सगळे एकाच जातीच्या लॅपटॉपबद्दल बोलताय. माझ्या थिंकपॅडची बॅटरी प्लॅस्टिकच्या चौकटीत स्क्रूने बसते, गोंदाचा टिपूस नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हव्यात, उष्णता किंवा द्रावक न वापरता. म्हणजे तुमची ती अल्कोहोलची बाटली नियमातच बसत नाही.

जाड_भिंग:
चौकट असेल तर प्रश्नच मिटला. पण याच्याकडे सुटे सेल आहेत, त्यांना धरायला गोंदच लागणार.

उघडझाप:
काल बसवली. आधी टेपचा कागद न काढता बॅटरी कोरडीच ठेवून बघितली, स्क्रूची भोकं आणि केबल जुळतात का ते. मग प्रत्येक सेलखाली एक पातळ पट्टी, तळहाताने हलकं दाबून. ओढपट्ट्या मिळाल्या फक्त दोन, त्या टोकाच्या सेलना.

जाड_भिंग:
म्हणजे सहाही सेल चिकटवलेच की! मग भांडत कशावर होतास?

उघडझाप:
रुंदीवर.

जाड_भिंग:
मधल्या दोघांना अजून एकेक लाव. बॅग आपटली की आठवेन मी.