थंडी, दव आणि वायपर: बेळगाव-खानापूर-निपाणीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

हिंडलगा, बेळगाव (धागा काढणारा)
वायपर म्हटला की आपल्याला मिरग आठवतो. जूनच्या तोंडावर नवीन ब्लेड घालायचं आणि पुढच्या जूनपर्यंत तिकडं बघायचं नाही. मीही त्यातलाच. गेल्या डिसेंबरात पहाटे पाचला निपाणीला निघालो. हत्तरगी टोलनाक्यापुढं धुकं लागलं, काचेवर दव. वायपर फिरवला तर पाणी निघायचं सोडून काचभर दुधाची साय पसरली. पलीकडच्या लेनमधल्या ट्रकचे दिवे त्या सायीत फुटले आणि पुढं उसाची डबल ट्रॉली आहे हे कळेपर्यंत ती बोनेटसमोर. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेले उसाचे शेंडे तेवढे हलताहेत. थांबलो, एवढंच. हात मात्र संकेश्वरपर्यंत कापत होते.
थंडीसाठी ब्लेड कसलं घ्यावं? कुणी काय वापरलं, किती टिकलं, लिहा. दुकानाची जाहिरात नको.

ऑटोनगर, गॅरेजवाला
आपल्याकडं थंडीनं रबर कडक होत नाही बगा. पहाटेच्या 12-13 डिग्रीत रबराला काय व्हतंय? चार महिने पावसात घासून त्याची धार गोल झालेली असती, वर ऑक्टोबरचं ऊन. पावसाळ्यात पाणी भरपूर, म्हणून खपून जातंय. दवात पाणी कमी, तेल-धूळ जास्त, तवा लबाडी उघडी पडती.
गिऱ्हाईक येतंय आणि “अण्णा, ब्लेड बदल” म्हणतंय. मी आधी काच बगतो. एकाच जागी रेघ उठत असंल तर तिथं रबर चिरलंय नाहीतर खडा अडकलाय. सगळी काच पांढरट होत असंल तर डिझेलच्या धुराचा तेलकट थर हाय, नवीन ब्लेडबी तेच करणार. टकटक उड्या मारत असंल तर रबर एका बाजूला वळून बसलंय, नाहीतर आर्म, म्हंजे ब्लेड धरणारा दांडा, पिळलाय. मधलाच पट्टा पुसत नसंल तर आर्मची स्प्रिंग ढिली नाहीतर फ्रेम वाकलेली. फ्रेमवालं ब्लेड चांगलं असंल तर नुसतं रबर बदलून भागतंय, अख्खं घ्यायची गरज नाही. हे मीच सांगालोय, दुकान चालवणारा.

चिकोडी, शिक्षिका
माझा अनुभव थोडा वेडेपणाचा आहे. शाळा सकाळची, घरातून सव्वासहाला निघते. काच धुरकट व्हायची म्हणून दोन महिन्यांत दोनदा ब्लेडं बदलली, दुसऱ्या वेळी महागातली. फरक शून्य. दुकानदाराशी भांडलेसुद्धा. मग एकदा भाचा शेजारी बसला होता, त्यानं काचेवर आतून बोट फिरवलं आणि म्हणाला, “मावशी, पाणी आत आहे, बाहेर नाही.”
बाहेर गार, आत माझा श्वास आणि डब्यातल्या गरम आमटीची वाफ. आता हवा काचेवर सोडते, आतली हवा आतच फिरवणारं बटण बंद ठेवते आणि थंडी असली तरी एसी लावते. एसी हवेतली ओल ओढून घेतो, काच मिनिटभरात साफ. पावसाळ्यात याच्या उलटं होतं: एसीनं काच फार गार पडली की बाहेरून धुरकटते, आणि तेव्हा मात्र वायपर कामाचा.
आणखी एक. काचेवर पाणी उडवणाऱ्या वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी घालू नका. क्षाराचे पांढरे ठिपके काचेवर बसतात आणि नोझल तुंबते. आमच्याकडं फिल्टरमधून वाया जाणारं पाणी घालायची एक पद्धत आहे, त्यात तर क्षार आणखी जास्त.

निपाणी
आमच्यात गंमत झाली. मापात चूक. दोन्ही बाजूंना सारखंच असणार म्हणून 22 इंचांची जोडी आणली. पहिल्याच फेरीत दोघं एकमेकांवर आदळले, मोटर कण्हायला लागली. आमच्या गाडीला चालकाकडं 22 आणि शेजारी 18 लागतं. जुनं ब्लेड काढून टेपनं मोजा आणि आर्मचा हुक कसला आहे तेही बघा. वाकड्या हुकाचं सगळीकडं मिळतं, बटणाचं असेल तर दुकानदार चार डबे उघडतो.

कणकुंबी-जांबोटी रस्ता, टॅक्सी
चोर्ला घाटातला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला धुक्याचं कौतुक नको सांगायला. पण थंडीतली गोष्ट वेगळी, खरं आहे. रात्री गाडी उघड्यावर, सकाळी काचेवर तांबडी धूळ आणि दव मिळून चिखलच. त्यावर कोरडा वायपर ओढला की काचेला चरे पडतात, आणि ते चरे रात्री समोरच्या दिव्यात दिसतात. मी आधी तांब्याभर साधं पाणी ओततो, वायपर उचलून रबर ओल्या फडक्यानं पुसतो, मग सुरू. फडकं काळं निघतंय ते बघा एकदा.
ब्लेड म्हणाल तर सपाट, बिनफ्रेमचं. फ्रेमच्या सांध्यात आमच्याकडची माती बसते आणि ते आखडतं. सिलिकॉनचं एकदा घातलं होतं. टिकलं बरं, दीड वर्ष. पण नुसत्या दवावर कुईकुई करायचं. प्रवासी झोपेतून उठायचे.

मूळचा टिळकवाडी, सध्या विनिपेग (कॅनडा)
धाग्याचं नाव वाचून हसू आलं, माफ करा. इथं हिवाळ्यात पारा उणे 30 लाही जातो. तुमचं दव इथं काचेवर दगडासारखं बसतं. पहिल्या हिवाळ्यात मी भारतातल्या सवयीनं किल्ली फिरवली आणि वायपर चालूच राहिला होता. रबर काचेला चिकटलेलं, अर्धं तिथंच राहिलं. आता गाडी बंद करताना आधी वायपर बंद करतो आणि रात्री दोन्ही दांडे उभे करून ठेवतो. सगळी गल्ली तशीच, हात वर केल्यासारखी.
हिवाळ्याचं ब्लेड इथं वेगळं मिळतं. साध्या फ्रेमच्या सांध्यांत बर्फ भरला की ती काचेच्या गोलाईबरोबर वाकत नाही आणि मधला भाग पुसायचाच राहतो. म्हणून त्या ब्लेडची सगळी फ्रेम रबराच्या पिशवीत बंद असते. रबरही थंडीत मऊ राहणारं. जड असतं, मोटरवर ताण येतो, म्हणून वसंतात काढून ठेवायचं. सपाट ब्लेडलाही सांधे नसल्यानं बर्फ कमी धरतो. टाकीत पाणी चालत नाही, उणे 40 पर्यंत न गोठणारा द्रव लागतो. (उणे 40 ला सेल्सिअस-फॅरनहाइटचं भांडण मिटतं, दोन्ही एकच.)
आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “गरम पाणी ओत की रे.” काच तडकते, आई.
बेळगावात ही ब्लेडं मागवू नका. पैसे फुकट.

रायबाग
पाचटाच्या काजळीबद्दल कुणीच बोललं नाही? डिसेंबरात शेतं पेटली की काळ्या दोऱ्या काचेवर येऊन पडतात. वायपर लावलात तर संपलं, शाई फासल्यासारखं होतं. फुंकरीनं किंवा पिसाच्या झाडणीनं उडवा. घासू नका.

शहापूर, बेळगाव
खंडेनवमीला झेंडूची माळ वायपरला बांधणारे हात वर करा. मी आहेच. संध्याकाळी माळ सोडली, पण दोऱ्याची गाठ रबराखाली राहिली, आणि दोन दिवसांनी बघतो तर काचेवर बारीक कमान कोरलेली. आता माळ बंपरला. सासूबाई नाराज आहेत.

हिंडलगा, बेळगाव (धागा काढणारा)
सगळ्यांचे आभार. ऑटोनगरच्या अण्णांचं ऐकून आधी काच स्पिरिटनं पुसली, तीन बोळे काळे झाले. मग सपाट ब्लेडं घातली, 24 आणि 16, रबराचीच. काल पहाटे मुद्दाम मार्कंडेय नदीच्या काठानं फिरून आलो. साय नाही. ट्रॉली दिसली, लांबून दिसली, आणि तिला लाल दिवा अजूनही नव्हता. त्यावर ब्लेड काय करणार?
यापुढं नवीन ब्लेड दसऱ्याच्या आसपास, मिरगाची वाट बघायची नाही.

खानापूर
मागच्या काचेच्या वायपरचं काय? आमच्या गाडीचा कंपनीतून आला तोच आहे, सात वर्षं.

ऑटोनगर, गॅरेजवाला
चालतोय काय?

खानापूर
कधी लावून बघितला नाही.