विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेच्या बैठकीचे इतिवृत्त कसे मिळवायचे?

कर्वेरोडकर: पुण्यातल्या सार्वजनिक विद्यापीठात शुल्कवाढ कोणत्या ठरावाने झाली हे पाहायचंय. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहू?

जुनी_फाईल: 'शुल्क का वाढवलं?' असं विचारू नका. माहिती अधिकारात नोंदीत असलेलं मिळतं, खुलासा नाही. मागा: अमुक तारखेच्या बैठकीची विषयपत्रिका, त्या विषयाची टिप्पणी, इतिवृत्त आणि कार्यवाही अहवाल, प्रमाणित प्रतींसह. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. बरेच अर्ज इथेच अडकतात. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या, पोच नसेल तर पुढचं सगळं लंगडं.

पेठेतला: 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच विद्यापीठातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. त्यानंतर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोग. मुदत उलटली की प्रती फुकट द्याव्या लागतात, हे अर्जदार विसरतात (कार्यालयं तर हमखास).

कर्वेरोडकर: आणि विनाअनुदानित कॉलेज असेल तर?

जुनी_फाईल: थेट अर्ज बहुधा फेटाळतील. संलग्नता तपासणीचा अहवाल विद्यापीठाकडे असतो, तो तिथून मागा. शिवाय 2016 च्या विद्यापीठ कायद्यानुसार वार्षिक अहवाल अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतो. तिथल्या ओळखीच्या पदवीधर सदस्याला प्रश्न द्या, पण लेखी आणि मुदतीआधी.