व्हेंटिलेटर काढणं म्हणजे इच्छामरण का? काही नेमके प्रश्न

शंकासुर:
इच्छामरणाची चर्चा आपल्याकडे अरुणा शानबाग (हल्ल्यानंतर अनेक दशकं अचेत अवस्थेत राहिलेल्या मुंबईच्या परिचारिका) या नावाने सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. माझे प्रश्न जास्त रोजचे आहेत. रुग्ण आयसीयूत, आजार शेवटच्या टप्प्यात, शुद्ध नाही, डॉक्टर म्हणतात आता सुधारणा होणार नाही. अशा वेळी व्हेंटिलेटर काढणं आणि प्राणघातक इंजेक्शन देणं यांत नैतिक फरक नेमका काय? शेवट तर एकच. दुसरं, लिव्हिंग विल, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं, केलेलं असेल तर प्रत्यक्षात कोण काय करतं? आणि नाकातली अन्नाची नळी काढली तर माणूस उपाशी मेला असं नाही का होत?

भावनिक प्रतिसाद बरेच वाचून झालेत. तपशील हवेत.

कागदोपत्री:
कायद्यापुरतं सांगतो. इंजेक्शन देणं भारतात आजही गुन्हाच आहे, रुग्णाने हात जोडून मागितलं तरी. सज्ञान रुग्णाची संमती असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जाऊ शकतो, इतकाच फरक. उपचार नाकारणं हा मात्र अधिकार आहे. शुद्धीवर असलेला, समजून बोलणारा रुग्ण स्वतः 'नको' म्हणत असेल तर डॉक्टरांच्या मंडळाची गरज नाही. मंडळं लागतात ती ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी.

७ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयाने शानबाग प्रकरणातली याचिका फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. ९ मार्च २०१८ला घटनापीठाने लिव्हिंग विल मान्य केलं, मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही मागितली. मृत्यूचा कागद घेऊन कोर्टाच्या आवारात कोण हेलपाटे घालणार? २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने ती अट गेली.

आता असं आहे: कागद लेखी हवा, दोन साक्षीदारांसमोर सही हवी, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं त्यात हवीत. एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाकडे (हे कागद जपून ठेवणारा अधिकारी). वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ बसतं. त्यानंतर दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आधीच्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. कागदात नाव असलेल्यांची संमती घ्यायची आणि अंमलबजावणीआधी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. परवानगी मागायची नाही, कळवायचं. दुय्यम मंडळ नाही म्हणालं तर उच्च न्यायालय. लिव्हिंग विल नसेल तरी हाच मार्ग, नातेवाइकांच्या संमतीने.

अडतं कुठे? कागद बँकेच्या लॉकरमध्ये असतो आणि रुग्ण आयसीयूत. एकाच मुलाचं नाव असतं, आणि तिसऱ्या दिवशी अमेरिकेहून उतरलेला दुसरा 'सगळं करा' म्हणतो. लहान रुग्णालयात दोन मंडळांना पुरतील इतके अनुभवी तज्ज्ञच नसतात. त्यांची यादी आधीच तयार नसेल तर ते ४८ तास कागदावरच राहतात.

गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. अशी नोंद करणारे ते गोव्यातले पहिले.

रातपाळी:
नैतिक फरकाबद्दल. 'काही न करणं' आणि 'करणं' असा तो फरक नाही, कारण व्हेंटिलेटर काढणं हीसुद्धा कृतीच आहे. माझी कसोटी अशी: व्हेंटिलेटर काढल्यावर रुग्ण स्वतः श्वास घेत राहिला तर कोणाचं काही चुकलं का? नाही. इंजेक्शननंतर तो जगला तर देणारा दुसरं भरतो. हेतू तिथे उघडा पडतो. याच न्यायाने मुळात व्हेंटिलेटर न लावणं आणि लावलेला काढणं सारखंच. 'एकदा लावला की काढता येत नाही' ही समजूत घातक आहे, तिच्यापायी लोक लावायलाही घाबरतात. शंका असेल तेव्हा मुदत ठरवून लावावा, समजा ३ ते ५ दिवस, आणि काय सुधारलं तर पुढे जायचं ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं.

काढण्याची पद्धत नीट नसेल तर मात्र तुमची शंका खरी ठरते. स्नायू लुळे पाडणारं औषध चालू असेल तर आधी ते बंद करून त्याचा अंमल पूर्ण उतरल्याची खात्री करायची. नाहीतर रुग्ण गुदमरतोय हे दिसणारच नाही, आणि तो श्वासही घेऊ शकणार नाही. रक्तदाब टिकवून धरणारी औषधं, डायलिसिस, रोजच्या रक्ततपासण्या थांबवायच्या. मॉनिटरचा आवाज बंद. वेदना आणि धाप कमी करणारं मॉर्फिन किंवा फेंटॅनिल आणि गुंगीचं मिडाझोलाम *आधी* सुरू करायचं, धाप लागल्यावर नव्हे. घशातला स्राव कमी करायला ग्लायकोपायरोलेट. मग व्हेंटिलेटरचा प्राणवायू आणि दाब टप्प्याटप्प्याने उतरवायचे, डॉक्टरने खाटेपाशी थांबून. डोस वाढवायचा तो श्वासाचा वेग आणि कपाळावरच्या आठ्या पाहून, आणि प्रत्येक वाढीचं कारण केसपेपरवर लिहायचं. कारण न लिहिता एकदम मोठा डोस देणं ही सीमेपलीकडची गोष्ट. नातेवाइकांना आधीच सांगावं की मृत्यू मिनिटांत येईल किंवा दिवसही लागेल. घरघर लागली की ऐकणारा हादरतो, बेशुद्ध रुग्णाला तिचा त्रास सहसा जाणवत नाही.

आडवळण:
वरचं पटतं, तरी 'रुग्णाची इच्छा' या शब्दावर माझा इतका विश्वास नाही. खिशातून बिल भरणाऱ्या घरात 'मला सोडवा'चा अर्थ 'माझ्यापायी कर्ज काढू नका' असाही असतो. वेदना आटोक्यात नसेल तर तीच मागणी वेदनाशामक गोळीने मिटू शकते. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात २०१४ला दुरुस्ती होऊनही तोंडाने घ्यायचं मॉर्फिन प्रत्येक गावात मिळत नाही. म्हणून मंडळाआधी चार गोष्टी तपासा: वेदना, धाप, नैराश्य, पैसा. मॉर्फिन सुरू केलं की बद्धकोष्ठतेचं औषध पहिल्या दिवसापासून, नाहीतर चार दिवसांत रुग्णच ते नाकारतो.

आणि कृपया सावरकर (१९६६) आणि विनोबा (१९८२) यांचे दाखले इथे आणू नका. त्यांनी अन्न आणि औषध शुद्धीवर, स्वतः सोडलं. दुसऱ्याच्या वतीने ठरवायचं तेव्हा ते उदाहरण लागू पडत नाही.

शंकासुर:
आभार. नळीचं राहिलं. आणि 'घरी घेऊन जातो' अशी सही करून नेतात, ते यातच मोडतं का?

रातपाळी:
शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. भूक गेली म्हणून माणूस मरत नाही, मरणाकडे निघालाय म्हणून भूक जाते. अशा वेळी सलाइन आणि नळीतून जबरदस्तीने द्रव दिले तर अंगावर सूज, छातीत पाणी, घरघर जास्त. कोरडं पडतं ते तोंड: दर एक-दोन तासांनी ओल्या कापसाने पुसा, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावा. शुद्धीवर असेल आणि मागितलं तर घोटभर द्या. मेंदूला इजा होऊन वर्षानुवर्षं स्थिर असलेल्या रुग्णाची नळी हा वेगळा आणि फार अवघड प्रश्न आहे, त्याला हे उत्तर लावू नका.

'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज' ही माझ्या मते सगळ्यात वाईट वाट. निर्णय तोच, पण जबाबदारी नातेवाइकांवर, आणि रुग्ण रुग्णवाहिकेत औषधाविना गुदमरतो. त्याऐवजी घरी उपशामक (त्रास कमी करणाऱ्या) उपचारांचा लेखी आराखडा मागा: कोणतं औषध, किती तासांनी, रात्री फोन कोणाला, मृत्यूचा दाखला कोण देणार.

कागदोपत्री:
एक भर. 'मला यंत्रांवर ठेवू नका' एवढंच लिहू नका. उद्या साध्या शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस व्हेंटिलेटर लागला तर हेच वाक्य आडवं येईल, आणि मजकूर संदिग्ध असेल तर मंडळ तो बाजूला ठेवू शकतं. असं लिहा: 'माझा आजार बरा होण्याची शक्यता उरलेली नाही आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, असं दोन्ही वैद्यकीय मंडळांनी ठरवल्यास छातीदाब (सीपीआर), व्हेंटिलेटर व डायलिसिस सुरू करू नये, सुरू असल्यास थांबवावेत; वेदना व धाप यांवरील औषधं शेवटपर्यंत चालू ठेवावीत.' नळीचं हवं-नको वेगळ्या ओळीत. मत बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं, फक्त जुन्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांना कळवा.