औषध पोचतं, पण कुठपर्यंत?

अँटिबायोटिकच्या गोळ्या सायनसपर्यंत, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांपर्यंत, पोचतच नाहीत का, असं तुम्ही विचारलंत. पोचतात, पण रक्तातून, म्हणजे आतल्या अस्तरापर्यंत. पोकळीत साचलेल्या घट्ट पुवात रक्तवाहिन्याच नसतात, तिथे अस्तरातून झिरपेल तेवढंच औषध. त्यात जंतूंनी बायोफिल्मचा चिकट थर धरला असेल, तर तेवढ्याने ते मरत नाहीत.

गालामागच्या सायनसचं तोंड जेमतेम काही मिलिमीटरचं आणि तेही वरच्या बाजूला! स्राव वर ढकलायचं काम अस्तरावरच्या सूक्ष्म केसांचं. सूज आली की ते तोंडच बंद होतं. म्हणून १२ आठवड्यांहून जुन्या दुखण्यात मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टेरॉइडचा फवारा हे मुख्य उपचार. ते कृपा करून टाळू नका.